राजाचं अंडं : एका कॉकटेलची केस

किंक्रांतीच्या रात्री सोलापूरच्या होम मैदानावर शोभेचं दारूकाम झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या दवाखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक कॉकटेल आलं. कॉकटेल म्हणजे तुरेवाला छोटा परदेशी पोपट. खोकं सुताच्या कांड्यांचं होतं. आत टॉवेलाची घडी, आणि घडीवर पिवळसर पांढरं, गालावर नारिंगी ठिपके असलेलं पाखरू अंग फुगवून बसलेलं. सोबत वडील, कॉलेजात जाणारी मुलगी आणि अव्वा, म्हणजे मुलीची आजी. घर पूर्व भागातलं. खाली यंत्रमाग, वर राहणं. आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी.

"दारूकामाचा आवाज आमच्याकडंपर्यंत येतो की, डॉक्टर. घाबरून रात्री पिंजऱ्यात फडफडलं बघा. पाय मोडून घेतला," वडील म्हणाले.

ऐकताना यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. कॉकटेल ही मुळातच अंधारात दचकणारी जात. रात्री मांजर सरकलं, गाडीचा उजेड भिंतीवरून फिरला, भांडं पडलं, एवढ्यानंही ती आंधळ्यासारखी उडतात आणि गजांवर आपटतात. सकाळी पिंजऱ्यात पिसांचा सडा पडलेला असतो. या पिवळ्या-पांढऱ्या रंगाला लुटिनो म्हणतात आणि लुटिनो जास्त दचकतात असं पाळणारे सांगतात, मलाही तसंच दिसलंय. त्यात सिद्धेश्वरांच्या यात्रेतलं दारूकाम. पिंजऱ्यात पिसं किती पडली होती, मी विचारलं. "एकही नाही," मुलगी म्हणाली. रक्त? तेही नाही. पंखांची टोकं लांबूनच पाहिली, शाबूत होती.

पाखरू हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघायचं, ही सवय मला उशिरा लागली. माझं निम्म्याहून अधिक काम गाई-म्हशी-शेळ्यांचं, उरलेलं कुत्र्या-मांजरांचं. पक्षी आठवड्याला दोन-तीन. जनावर आवळून धरायचं आणि तपासायचं हे हाताला लागलेलं वळण. पक्ष्याला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो. छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच हवा आत-बाहेर होते. मूठ आवळली की ते हलणंच थांबतं. आधीच धाप लागलेलं पाखरू अशा मुठीतच जातं, आणि मग आपण म्हणतो, "हातात घेतलं आणि गेलं बिचारं."

राजा (पाखराचं नाव राजा) दोन्ही पाय फाकवून, शेपटीचा आधार घेऊन उभं राहायला बघत होता आणि डावा पाय घसरत होता. प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली, हापशाच्या दांड्यासारखी. डोळे अर्धे मिटलेले. मध्येच अंग ताणून कुंथायचा, मग पुन्हा फुगून बसायचा. टॉवेलावर एकच विष्ठा पडली होती, पण नेहमीच्या तिप्पट.

ती विष्ठा पाहिली आणि मोडलेल्या पायाचा विचार डोक्यातून गेला. अंड्यावर आलेली मादी पोट धरून ठेवते आणि एकदम मोकळी होते.

"यानं कधी अंडं घातलंय का?"

तिघंही माझ्याकडं बघत राहिले. मग मुलगी हळूच म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलं होतं ना, काढून टाका म्हणून."

तेव्हा मला नोव्हेंबरातला फोन आठवला.

आधीची हकीकत

तीन वर्षांपूर्वी दुकानदारानं नर म्हणून दिलेलं हे पिल्लू. म्हणून राजा. पहिल्या वर्षी घरच्यांची एकच तक्रार होती, की हा शीळ घालत नाही, बोलत नाही, शेजारच्या गल्लीतला कॉकटेल तर अख्खी आरती शिट्टीत म्हणतो. या तक्रारीतच उत्तर होतं. शिट्ट्या आणि नकला हे बहुतेक करून नरांचं काम, माद्या अबोल. राखाडी रंगाचे कॉकटेल असले तर ओळखणं सोपं जातं. पहिली पिसं झडली की नराचा चेहरा गर्द पिवळा होतो, मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे राहतात. लुटिनोत ते पट्टे इतके फिके असतात की शेपटी उजेडासमोर धरून बघावी लागते. राजाची शेपटी कुणी धरून बघितली नव्हती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पिंजऱ्याच्या तळाशी अंडं सापडलं. घरात गोंधळ. नर नाही, जोडी नाही, मग अंडं कसं? अव्वांना काही नवल वाटलं नाही. त्यांनी तरुणपणी विड्या वळता वळता दारात कोंबड्या पाळलेल्या. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं देते, पिल्लू तेवढं निघत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "राहू दे तिथंच. बसंल खुडूक."

मुलीनं तरी मला फोन केला. मी तेव्हा बोरामणीच्या बाजूला एका गोठ्यात होतो, हात कोपरापर्यंत भरलेले. म्हणालो, "फलित नाही ते. काढून टाका, नाहीतर कुजेल." मिनिटभराचंही बोलणं झालं नसेल.

डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर अव्वांचं कोण ऐकतं. एक दिवस आड अंडं येत गेलं आणि मुलगी ते काढत गेली. अकरा अंडी. मग जवळजवळ महिनाभर विश्रांती. संक्रांतीच्या दहा दिवस आधी पुन्हा सुरुवात झाली. पाच अंडी आली, पाचही काढली. सहावं आलंच नाही.

कॉकटेलची मादी एका खेपेला साधारण चार ते सहा अंडी घालते. पोटाखाली अंडी भरली, अंगाला त्यांचा स्पर्श झाला, की घालणं थांबतं आणि उबवणं सुरू होतं. खालची अंडी नाहीशी होत गेली तर शरीराला वाटतं, खेप पुरी व्हायचीय. मग ते भरत राहतं. कोंबडीचंही तेच आहे. रोज अंडं उचललं तर ती घालत राहते, अंडी खाली राहू दिली तर खुडूक होते आणि घालायची थांबते. हे मी कॉलेजात शिकलो, परीक्षेत लिहिलं, आणि फोनवर नेमकं उलटं सांगून बसलो. अव्वा दवाखान्यात काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कॉकटेलचं एक अंडं पाच-सहा ग्रॅमचं. राजाचं वजन नव्वदच्या आसपास. अडकलेलं धरून सतरा अंडी, म्हणजे दोन महिन्यांत या पाखरानं जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकी अंडी तयार केली होती. कवच जवळपास सगळं कॅल्शियमचं. खाण्यातून तेवढं आलं नाही तर शरीर ते हाडांतून ओढतं. आणि हे पाखरू खात काय होतं? सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, चहात बुडवलेलं बिस्किट. अधूनमधून वडिलांच्या ताटातली शेंगा चटणी लावलेली भाकरी. चटणीत मीठ आणि लसूण, दोन्ही पाखराला वाईट.

खोक्यातले बारा तास

पहिला अर्धा तास मी जवळजवळ काहीच केलं नाही. हलका हात लावून पोट चाचपलं. छातीचं हाड संपतं तिथून गुदद्वारापर्यंतच्या भागात अंडं हाताला लागत होतं. लगेच सोडलं. खोक्याच्या एका बाजूला साठ वॉटचा पिवळा बल्ब लावला. हे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, एलईडीनं उजेड पडतो पण ऊब येत नाही, म्हणून मी जुने चार जपून ठेवलेत. एकाच बाजूला अशासाठी, की पाखराला जास्त झालं तर दुसरीकडं सरकता यावं. आतली हवा तीस अंशांच्या आसपास ठेवायची आणि दमट. दमटपणासाठी त्यांच्याच मागावरचा टॉवेल गरम पाण्यात पिळून आत टांगला. वडिलांनी तो ओळखला, म्हणाले, "आपलाच माल हाय की." त्या सकाळी तेवढंच कुणी हसलं.

अंडं अडकणं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी वडिलांना म्हशीवरून सांगितलं, कारण त्यांचा मेहुणा अक्कलकोटकडं म्हशी ठेवतो. भरपूर दूध देणारी म्हैस व्याल्यावर एकदोन दिवसांत बसते, उठत नाही, मान वळवून पडते. दुधात कॅल्शियम गेलेलं असतं आणि स्नायूंना हलायला ते उरत नाही. शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली की बऱ्याचदा तासाभरात उठून उभी राहते. राजाचंही तेच. अंडं बाहेर ढकलणारी नळीसुद्धा स्नायूच आहे. स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं आणि ते सोळा कवचांत गेलेलं. वर नीट कवच न चढलेलं मऊ अंडं. त्याला ढकलायला पकड मिळत नाही.

आणि पाय? पायाकडं जाणारी मज्जातंतूंची जुडी मूत्रपिंडाच्या आत-बाहेरून जाते. अंडं तिथं दाबून बसलं की पाय लुळा पडतो. पाय मोडला, लकवा मारला म्हणून माझ्याकडं आणलेल्या माद्यांमध्ये अशी अंडी मला याआधीही सापडलेली.

कुत्र्यांच्या एक्स-रे यंत्रावरच फोटो काढला. हाड कुठंही मोडलेलं नव्हतं. अंडं एकच होतं आणि त्याच्या कवचाची रेघ इतकी पुसट, की नीट कवच धरलेल्या अंड्याशेजारी ठेवली तर सावलीच म्हणावी. कॅल्शियमचं इंजेक्शन पातळ करून छातीच्या स्नायूत दिलं, कातडीखाली कोमट सलाईन, वेदना कमी करणारं औषध. प्रमाणं मी मुद्दाम लिहीत नाही. नव्वद ग्रॅमच्या जिवात थेंबाचा फरकही मोठा असतो आणि कुणी तरी वाचून घरी करून बघतं.

घरी करून बघण्याचं निघालंच म्हणून सांगतो. पहाटे शेजारच्या बाईंनी एरंडेल सुचवलं होतं, चमच्यानं तोंडात. मुलीनं दिलं नाही. तेल श्वासनळीत गेलं असतं तर अंड्याचा प्रश्नच उरला नसता. दुसरी हमखास चूक म्हणजे पोट दाबून अंडं बाहेर काढायला बघणं. अंडं आत फुटलं की कवचाच्या कडा नळी फाडतात, बलक पोटात सांडतो आणि पाखरू दोन-चार दिवसांत जातं. बाहेरून ऊब द्यावी, अंधार आणि शांतता द्यावी, आणि गाठावं डॉक्टरला. घरात एवढंच करण्यासारखं असतं. दिवसभर थांबून "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणायला वेळ नसतो, कारण पाखरू आजार लपवतं. रानात जे आजारी दिसतं ते आधी उचललं जातं. म्हणून ते दिसेपर्यंत आजार बराच पुढं गेलेला असतो.

दुपारी अडीचपर्यंत काही झालं नाही. कॅल्शियम पुन्हा दिलं. माझ्यापुढं दोन वाटा होत्या. एक, भूल देऊन अंड्यात सुई घालायची, आतलं ओढून घ्यायचं, कवच दबलं की अलगद काढायचं. त्यासाठी पक्ष्याला चालणारी वायूची भूल लागते, ती माझ्याकडं नाही. दुसरी, पुणे. अडीचशे किलोमीटर, हलत्या गाडीत, धाप लागलेलं पाखरू. मी वडिलांना दोन्ही सांगितलं आणि पुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन करून ठेवला. ठरलं असं, की रात्री दहापर्यंत अंडं आलं नाही तर निघायचं, गाडीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या.

मुलगी खोक्याशेजारून हलली नाही. मी दोनदा तिला दटावलं, कारण ती सारखी झाकण उचलून बघत होती आणि तेवढ्यानं ऊब जात होती.

रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी अंडं आलं. पांढरं, सुरकुतलेलं, बोटानं दाबलं तर आत जाईल असं. राजा त्याच्याकडं पाठ करून बसला. एक-दोन मिनिटांत शेपटीचं हापसणं थांबलं. मी अंडं उचलायला हात पुढं केला आणि अव्वांनी नुसतं बघितलं. मी हात मागं घेतला.

घरात काय दिसलं

डाव्या पायात तीन दिवसांत ताकद आली. केसचा दवाखान्यातला भाग इथं संपतो, पण खरं प्रकरण त्यांच्या घरी होतं. चौथ्या दिवशी मी गेलो.

पिंजरा जिन्याच्या पायथ्याशी, घर आणि मागाचा कारखाना यांच्या मधल्या बोळात टांगलेला. सगळी ये-जा तिथूनच, म्हणून "पाखराला एकटं वाटत नाही." मागांच्या खटखटाटाचं मला आधी वाईट वाटलं, पण राजाला त्याचं काहीच नव्हतं. तो त्यातच वाढलेला. उलट वीज गेली, माग एकदम थांबले, की दचकायचा. आवाज हा प्रश्न नव्हता. वर पाहिलं तर पिंजऱ्याच्या बरोबर डोक्यावर ट्यूबलाइट.

"ही कधी बंद करता?"

"माग बंद झाले की. एक वाजतो रात्रीचा. सकाळी सातला चालू."

अठरा तास. जानेवारीत सोलापुरात दिवस असतो जेमतेम अकरा तासांचा. पण राजाच्या डोळ्यांना, आणि डोळ्यांपेक्षा मेंदूला, कायमचा लांबच लांब उन्हाळा चालू होता. पक्ष्याच्या कवटीतून उजेड आत झिरपतो आणि मेंदू दिवसाची लांबी मोजतो. दिवस लांबला म्हणजे अंडी घालायचा काळ आला. कॉकटेल ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातलं. तिथं ते पाऊस झाला, गवताला बी धरलं, दाणा-पाणी मुबलक झालं की घरटं करतं, मग महिना कोणताही असो. राजाच्या वाटीत सूर्यफूल आणि शेंगदाणे सदा भरलेले. दुष्काळ त्यानं कधी बघितलाच नव्हता.

संध्याकाळी त्याला मोकळं सोडायचे. "कुठं जातो?" विचारलं तर मुलीनं शिलाई मशीनमागचं खोकं दाखवलं. वेस्ट सुताचं. आत मऊ, अंधारं, तोंड लहान. रानात कॉकटेल झाडाच्या ढोलीत घरटं करतं. या घरानं त्याला ढोली आयती दिली होती, तीही सुताचं अंथरूण घालून. सूत दुसऱ्या कारणानंही वाईट. धागा बोटाला गुंडाळला गेला की बोट काळं पडून गळतं. असं एक बोट मी कापलेलं आहे.

मग मुलीनं लाड करून दाखवले. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवरून हात. राजा लगेच खाली वाकला, शेपटी उचलली, बारीक किर्र किर्र आवाज काढला. "बघा, किती लाडात येतो!"

हे सांगणं मला जड गेलं. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, वडील शेजारी उभे. मी अव्वांकडं बघून म्हणालो, की हे लाड नाहीत, मादी नरापुढं असंच वाकते. पाठीवरून, पंखांखालून, पोटावरून हात फिरला की तिच्या अंगाला तो जोडीदार वाटतो. अव्वांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं, मुलगी लाल झाली आणि वडील खाली माग बघायला गेले. डोकं, गाल, मान, एवढंच खाजवायचं. तुरा उभा-आडवा होतो, डोळे मिटतात, तिथं थांबायचं. पिंजऱ्यातला आरसाही काढायला लावला, राजा त्याला दाणे भरवायचा.

मी निघताना शेजारी हिरवा पोपट घेऊन आला, "आता आलाच आहात तर यालाही बघा." पाखरू बघितलं, पण त्याला सांगितलंही. आपला देशी पोपट, ज्याला आपण राघू म्हणतो, तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. घरात ठेवणं गुन्हा. कॉकटेलचं तसं नाही, ते परदेशी आहे. "पण सगळेच पाळतात की, डॉक्टर," तो म्हणाला. मी म्हटलं, वनखात्याला कळवून द्या, मी बोलतो. त्यानं पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि घरात गेला. त्याच्याकडून पुन्हा काही आलं नाही.

बदल, आणि त्यांवरून झालेली भांडणं

वडिलांना इंजेक्शन हवं होतं. "अंडी बंद व्हायचं काय नाही का?" असतं. हार्मोनचं. पण ते काही आठवड्यांपुरतं. डोक्यावर ट्यूबलाइट तशीच जळत राहिली तर अंडी पुन्हा येतात. गर्भनळी काढून टाकायची शस्त्रक्रियाही करतात, पण एवढ्याशा जिवाला ती फार भारी.

म्हणून आधी उजेड. पिंजरा वरच्या मजल्यावरच्या खोलीत न्यायचा आणि संध्याकाळी सातला जाड चादरीनं झाकायचा, सकाळी नऊपर्यंत. पहिले सहा आठवडे दहा तासच उजेड. चादर सोलापुरी, तिच्यातून किरण जात नाही. पण दचकणारी जात म्हणून एका बाजूला मंद झिरोचा दिवा राहू द्यायचा की नाही, यावर मी स्वतःच दोनदा मत बदललं. शेवटी खोलीच्या दाराखालून येणारा बोळातला पुसट उजेड पुरला.

मुलगी क्लासवरून साडेसातला येते. तिला दिवसातला तोच वेळ राजाबरोबर मिळायचा. "म्हणजे मी त्याला बघायचंच नाही?" ती रडकुंडीला आली. वडील म्हणाले, पाखराला तुरुंगात टाकायला पाळलं नाही. माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. तोडगा आईनं काढला, जी तोपर्यंत या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. सकाळी नऊला चादर मुलीनंच काढायची आणि कॉलेजला निघेपर्यंतचा तास तिचा.

खाणं एका दिवसात बदलत नाही. सूर्यफुलावर वाढलेलं पाखरू पेलेट्सना, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्यांना, खाणं म्हणून ओळखतच नाही, भरल्या वाटीपुढं उपाशी बसेल. आपल्याला वाटतं खातंय, कारण वाटीत टरफलं दिसतात. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, त्यावर एक दांडी बसवली आणि रोज सकाळी दाणे देण्याआधी वजन वहीत लिहायला लावलं. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर जुनं खाणं परत द्यायचं आणि मला फोन. बियांच्या जागी आधी राळं आणि बाजरी आली. मग हुरड्याचे दिवस होते म्हणून ज्वारीचं कोवळं कणीस, आणि राजा त्यावर तुटून पडला. त्याच्यासोबत शेवग्याचा पाला आणि गाजराचा कीस. पालक नको म्हटलं, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून बसतं. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे माकुळ या समुद्री जिवाचं पांढरं हाड, आणायला सांगितला. दुकानदारानं विचारलं, "कान दुखतोय का?" त्याच्या लेखी त्याचा उपयोग तेवढाच. गजाला बांधला, चार दिवस राजानं ढुंकून पाहिलं नाही, पाचव्या दिवशी कोपरा कुरतडलेला.

कॅल्शियम पचायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीला ऊन लागल्यावर तयार होतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यात कामाचं नाही, हवी असलेली किरणं काच अडवते. रोज वीस मिनिटं गच्चीवर, अर्धा पिंजरा सावलीत, आणि माणूस शेजारी. शिक्रा पिंजऱ्यावर झडप घालतो, एकटं ठेवायचं नाही.

हे सगळं त्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. शेंगदाणे चालू होते, वहीतल्या वजनावरून मला कळायचं. एप्रिलमध्ये लग्नाच्या गडबडीत तीन आठवडे वही कोरी आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी राजानं पुन्हा अंडं घातलं. मुलीचा फोन आला तेव्हा मी गोठ्यातच होतो, पण या वेळी आधी हात धुतले. सांगितलं, काढू नका. नळीत पुन्हा अडकू नये म्हणून कॅल्शियम तोंडावाटे सुरू केलं. अंडी सडतील ही भीती होतीच, म्हणून प्रत्येक अंडं घातल्या दिवशी उचलायचं, उकडायचं, गार करायचं आणि परत ठेवायचं. हे काम अव्वांकडं गेलं. चार अंडी झाली. चौथ्यानंतर राजा त्यांवर बसला आणि घालायचा थांबला. तीन आठवडे बसून कंटाळला, एका सकाळी उठून गजाला लटकला आणि पुन्हा खाली बघितलं नाही. तेव्हा अंडी काढली.

उन्हाळा अंड्यांविना गेला. मेमध्ये पारा 43 ला गेला, तेव्हा राजा पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून बसायचा. ते उन्हाचं होतं. ओला टॉवेल आणि सावली पुरली. मुलगी घाबरून फोटो पाठवायची आणि मी विचारायचो, "शेपटी हलतेय का?" नाही हलत. मग ठीक.

जुलैत पहिला चांगला पाऊस झाला त्याच्या आठवडाभरानं मी त्या भागात दुसऱ्या कामाला गेलो होतो, म्हणून डोकावलो. वहीत वजन 91. पिंजऱ्याच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात, दोन अंडी. मला कुणी फोन केलेला नव्हता.

"कधी घातली?"

"परवा एक, आज एक," अव्वा चुलीकडं बघत म्हणाल्या. "उकडून ठेवलीत."